हात लागलेली ओळ

ट्रेमधली पुढची ओळ बुटकी राहिली आहे, हे माझ्याआधी मॅडमच्या लक्षात आलं. मी रोज त्या रोपांसमोर तासभर बसत होते, तरी मला ते दिसलं नव्हतं. अ‍ॅराबिडॉप्सिसचे (मोहरीच्या कुळातलं हे छोटंसं रोप प्रयोगांसाठी वापरतात) दोन ट्रे होते, एकाला पाणी पोटभर आणि दुसऱ्याला बेताचं. पाणी कमी पडलं की पानांची वाढ किती मंदावते, हे मला मोजायचं होतं. पुढच्या ओळीपर्यंत हात सहज पोचायचा, म्हणून मोजणीला मी दोन्ही ट्रेंमधली पुढचीच ओळ धरली. सकाळी दिवे लागले की आत जायचं, डाव्या हाताच्या बोटाने पान अलगद उचलायचं, खाली फुटपट्टी सरकवायची, आकडा वहीत टाकायचा, की पुढचं पान. महिनाभर हेच चाललं होतं. एके दिवशी मॅडम दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आत आल्या, वाकून दोन्ही ट्रे डोळ्यांच्या पातळीवर आणले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "ही पुढची ओळ रोज कोण हाताळतं?"

"मीच," मी म्हटलं.

"मग हे पाण्याचं नाही गं. तुझ्या हाताचं आहे."

त्या निघून गेल्यावर मी तशीच वाकून पाहिलं. मागच्या ओळींमध्ये फुलोऱ्याचे दांडे वर आले होते, टोकाला दाण्याएवढी पांढरी फुलं उघडत होती. पुढच्या ओळीत दांडे नुकते कुठे पानांच्या चकतीतून डोकं काढत होते. आणि हे पोटभर पाणी मिळालेल्या ट्रेमध्येही तसंच होतं, हे सगळ्यात जास्त लागलं. त्या खोलीत सगळं ठरलेलं असतं. तापमान २२ अंश, उजेड १६ तास, पंख्यांची एकसुरी घरघर, ओल्या कोकोपीटचा थोडा आंबूस वास. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून एवढी सगळी व्यवस्था, आणि बाहेरचं म्हणून जे आत येत होतं ते मी होते. मी हात धुऊन जात होते. पान उचलताना श्वास रोखत होते. एकाही पानाला कधी सुरकुती पडली नव्हती. इतकं जपून केलेलं काम त्या रोपांपर्यंत कसलं तरी संकट म्हणून पोचत होतं, ही गोष्ट मला कित्येक दिवस पचली नाही. वर्षं उलटली तरी ती पुरती पचली आहे असं नाही.

अभ्यासाला बसले तेव्हा कळलं, की या वाटेने आधी बरेच जण गेले आहेत. स्पर्शाने झाडाचा आकार बदलतो याला मार्क जॅफ यांनी १९७३ मध्ये थिग्मोमॉर्फोजेनेसिस हे नाव दिलं होतं. वारा खाणाऱ्या उघड्यावरच्या झाडाचं खोड आखूड आणि जाड होतं, आडोशाचं झाड उंच आणि किडकिडीत, हे तर त्याही आधीपासून माणसं पाहत आली आहेत. पण माझ्या मनात बसली ती १९९० सालची हकीकत. स्टॅनफर्डमध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस अ‍ॅराबिडॉप्सिसवर संप्रेरकाचा फवारा मारून कोणती जनुकं जागी होतात हे शोधत होते. जनुकं जागी झाली, जोरात झाली. पण नुसत्या पाण्याचा फवारा मारलेल्या रोपांमध्येही तितकीच जागी झाली होती. म्हणजे रोपं संप्रेरकाला ओ देत नव्हती, थेंबांच्या माराला देत होती. मग त्यांनी पानं हाताने हलवून पाहिली, वारा घालून पाहिला. १० ते ३० मिनिटांच्या आत त्या जनुकांचे संदेश शंभर पटीपर्यंत वाढत होते. टच या शब्दावरून त्यांना टीसीएच हे नाव पडलं. दिवसातून दोनदा हात लावलेली त्यांची रोपंही आखूडच राहिली. हे वाचताना मला फार धीर आला. नको असलेला आकडा कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या रोपांमध्ये, दिसल्यावर तो बाजूला न सारता त्याच्याच मागे जायचं, याला किती स्वच्छ मन लागत असेल.

त्या जनुकांपैकी एक कॅल्मोड्युलिनचं निघालं, पेशीतल्या कॅल्शियमची चाहूल घेणाऱ्या प्रथिनाचं. मग चित्र हळूहळू जुळत गेलं. पान वाकतं, पेशीचं आवरण ताणलं जातं, कॅल्शियम आत शिरतं. जॅस्मोनेट नावाचं संप्रेरक वाढतं, जे एरवी अळीने पान कुरतडल्यावरही वाढतं. आणि त्याच सुमाराला जिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक मोडून टाकणारं एक विकर कामाला लागतं. जिबरेलिन कमी झालं, की दांडा उंच होत नाही आणि फुलंही लांबतात. माझ्या वहीतल्या आकड्यांमागे एवढी साखळी होती. मी पान उचललं आणि दोन मिनिटांत खाली ठेवलं. त्या दोन मिनिटांचा हिशेब रोपात पुढे किती तरी वेळ चालू राहायचा, आणि तो मिटत यायच्या सुमाराला दुसऱ्या दिवशीचं माझं बोट हजर.

जिबरेलिनची गोष्ट मला स्वतंत्रपणे आवडते. ती सुरू होते एका रोगापासून. जपानी भातशेतीत काही रोपं एकाएकी उंच, फिकी, लवलवती होऊन कोलमडायची. तिथल्या शेतकऱ्यांनी त्या रोगाला 'बाकानाए', म्हणजे वेडं रोप, असं नाव दिलं होतं. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं की त्या रोगाची बुरशी वाढवून गाळून घेतलेल्या नुसत्या द्रवानेही रोप असंच उंच होतं, म्हणजे बुरशी काहीतरी स्रवते आहे. तेच पुढे जिबरेलिन ठरलं. आणि मग बऱ्याच वर्षांनी समजलं की जिबरेलिन झाडाला ढकलत नाही, ते अडसर काढतं. झाडाच्या पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढ रोखून धरून बसलेली असतात. हे नाव त्यांच्या सुरुवातीच्या टोकाजवळच्या पाच अमिनो आम्लांच्या अक्षरांवरून आलं आहे. जिबरेलिन आलं की त्यांना मोडीत काढलं जातं, आणि वाढ मोकळी होते. गव्हाच्या ज्या बुटक्या जातींनी जगाची कोठारं भरली, त्यांच्यात याच डेला प्रथिनाचं ते टोक तुटलेलं आहे, हे १९९९ मध्ये कळलं. जिबरेलिन येतं, पण त्या गव्हात अडसर हलत नाही. म्हणून काडी आखूड राहते आणि कणीस जड झालं तरी लोळत नाही.

वाढ ही झाडाची सहजस्थिती आणि थांबणं म्हणजे हरणं, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात थांबणंही झाडाला करावं लागतं. त्यासाठी जनुकं आहेत, प्रथिनं आहेत, खर्च आहे.

पुराच्या पाण्यातल्या भाताइतकं हे मला दुसऱ्या कशात लख्ख दिसलेलं नाही. रोप पाण्याखाली गेलं की इथिलीन हा वायू त्याच्यातून बाहेर पडू शकत नाही, आतच साठतो. हीच त्याला बुडाल्याची खूण. आता दोन प्रकारचे भात घेऊ. खोल पाण्यातला भात या खुणेवर सुसाट वाढतो, दिवसाला २०-२५ सेंटीमीटरपर्यंत, आणि पाण्याच्या वर डोकं काढून श्वास घेतो. त्याची जनुकं २००९ मध्ये सापडली, त्यांना स्नॉर्केल म्हणतात. दुसरा भात ओडिशातला एक जुना वाण, एफआर १३ ए. तो त्याच खुणेवर गप्प होतो. साठलेली साखर उधळत नाही, डेलाच्या जातीची प्रथिनं वाढवून जिबरेलिनला दाद देत नाही, आणि सुमारे दोन आठवडे चिखलपाण्याखाली नुसता थांबतो. पाणी ओसरलं की तिथूनच पुढे सुरू. त्यामागचं सब-१-ए हे जनुक २००६ मध्ये हाती लागलं आणि स्वर्णा या लोकप्रिय जातीत आणलं गेलं. नवल असं की स्नॉर्केल आणि सब-१-ए एकाच कुळातली जनुकं आहेत. खूण एक, कुळ एक, आणि वागणं अगदी उलट. पाणी उंच चढून महिनोन्‌महिने राहणार असेल तर पहिला भात तरतो. चार दिवस येऊन जाणार असेल तर दुसरा. पहिला त्या पाण्यात ताकद संपवून बसेल. यातला शूर कोणता, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. पण मन दुसऱ्याकडे ओढ घेतं हे खरं.

हे लिहिताना एक जुनी पेट्री डिश आठवते. शिकत होते त्या दिवसांतली. बिया पेरून, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ती थंडीत ठेवायची, आणि मग काढून उजेडात. मी काढली, पण कागद उतरवायला विसरले. आठवड्याने आठवण झाली तेव्हा कागद सोडताना धडधडत होतं. आत पांढुरक्या धाग्यांसारखे अंकुर होते, एकमेकांवर रेललेले, प्रत्येकाच्या टोकाला गळासारखा बाक आणि त्या बाकात घट्ट मिटलेली दोन पिवळी पानं. मेले असं वाटलं होतं, पण ते जगत होते, फक्त वेगळ्या रीतीने. मातीखाली असल्यासारखे. बाकाने माती फोडायची, पानं मिटून जपायची, जवळचं सगळं बळ उंचीवर लावायचं. मी डिश तशीच दिव्याखाली ठेवली. काही तासांतच बाक सुटायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी पानं उघडून हिरवी झाली होती. नंतर कळलं की अंधारात कॉप-१ नावाचं प्रथिन उजेडाच्या कामाची प्रथिनं सतत मोडून टाकत असतं. ज्या रोपात कॉप-१ नीट काम करत नाही, ते काळोखातसुद्धा पानं उघडून बसतं. म्हणजे उजेडात जगायची तयारी बीमध्ये आधीपासून असते, आणि काळोखात तिला मुद्दाम आवरून धरलेलं असतं. पुन्हा तेच, आवरून धरणं. त्या डिशमधले अंकुर मी कुठल्याच प्रयोगात वापरू शकले नाही. फेकवतही नव्हते. चार दिवस टेबलावर ठेवले होते.

स्पर्शाच्या त्या प्रकारानंतर माझा पाण्याचा प्रयोग पुन्हा सुरू झाला, यावेळी वर टांगलेल्या कॅमेऱ्याने. पानाची साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पर्णरंध्रं दिसतात, दोन रक्षक पेशी ओठांसारख्या समोरासमोर. अॅब्सिसिक आम्लाचा, म्हणजे पाणी तुटलं की झाड जे संप्रेरक वाढवतं त्याचा, थेंब सोडला की अर्ध्या-पाऊण तासात ते ओठ मिटतात. हे आम्ल १९६० च्या दशकात माहीत झालं होतं, पण ते झाडात नेमकं कोण ओळखतं हे कळायला २००९ उजाडलं. ती साखळीही आडव्या वाटेची आहे. आम्ल येऊन एका प्रथिनात बसतं, ते प्रथिन दुसऱ्या एकाला धरून ठेवतं, त्या दुसऱ्याने दाबून ठेवलेलं तिसरं मोकळं होतं, आणि ते पेशीच्या आवरणातल्या वाटा उघडतं. क्षार बाहेर, त्यामागे पाणी बाहेर, पेशी सैल, रंध्र बंद. मिटलेलं रंध्र पाणी वाचवतं आणि त्याच वेळी हवेतला कार्बनही नाकारतं. तहान आणि भूक यांतलं एक निवडायचं, आणि ते पानावरच्या हजारो ठिकाणी दिवसभर निवडत राहायचं. मी कित्येक तास ती रंध्रं बघण्यात घालवले आहेत, कामाच्या गरजेपेक्षा फार जास्त.

२०१८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सायमन गिलरॉय यांच्या प्रयोगशाळेने केलेलं चित्रण पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मात्र मी मध्येच पडदा बंद केला. कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन घातलेलं अॅराबिडॉप्सिस. अळी पान कुरतडते, जखमेपाशी उजेड फुटतो आणि देठातून, शिरांतून वाहत दोन-एक मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत जातो. ज्या पानांना काहीच झालेलं नाही ती पानं जॅस्मोनेट वाढवून तयार होतात. हे पाहून झाडाला वेदना होते असं म्हणण्याचा मोह होतो. मी तसं म्हणत नाही. वेदना अनुभवायला लागणारी मज्जासंस्था तिथे नाही, आणि आपल्या शब्दांत कोंबलं की झाडाचं जे खरंच वेगळं आहे ते हरवतं. एका पानाचं वर्तमान साऱ्या झाडाला कळतं, आणि ते ऐकून झाड जे करतं ते पुढच्या पानांच्या बांधणीत करतं. जुनं पान ते बदलत नाही, नवं वेगळं घडवतं. हे मला वेदनेइतकंच मोठं वाटतं. तरीही पडदा बंद केला होता, हे खरं, आणि तेव्हा मनात कुरतडणारी अळी नव्हती, माझं डावं बोट होतं.

झाड लक्षात किती ठेवतं, हा प्रश्न तिथून मागे लागला. कोमेजून, पाणी पिऊन सावरलेलं रोप पुढच्या वेळी पाणी जपून सोडतं. काही जनुकांवर त्यांचा संदेश उतरवून घेणारं विकर निघायच्या तयारीत अडून बसलेलं असतं, आजूबाजूच्या हिस्टोनांवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, खुणा राहिलेल्या असतात. पण सलग काही दिवस पाणी मिळालं की ही तयारी विरते. थंडीची आठवण त्याहून पक्की. अॅराबिडॉप्सिसच्या काही रानटी वाणांमध्ये एफएलसी हे जनुक फुलणं अडवून धरतं. हिवाळ्यातल्या आठवड्यांमागून आठवडे ते एकेका पेशीत कायमचं बंद होत जातं. अर्धवट मिटत नाही. त्या पेशीत एक तर चालू, नाही तर बंद. थंडी जितकी लांबली, तितक्या जास्त पेशी बंद. कॅरोलाइन डीन आणि मार्टिन हॉवर्ड यांच्या गटांनी हे दाखवलं. पुढे उन्हं आली, पेशी कितीदा विभागल्या, तरी बंद ते बंदच. झाडाला हिवाळा होऊन गेल्याचं असं माहीत असतं. आणि मग बी धरतं, आणि गर्भ घडत असताना एफएलसी पुन्हा चालू केलं जातं. आईने काढलेला हिवाळा लेकराच्या हिशेबात धरला जात नाही. त्याने आपला हिवाळा स्वतः काढायचा. हे विसरणंही आपोआप घडत नाही. खुणा पुसायला वेगळी प्रथिनं लागतात.

गेल्या वर्षी थंड कपाटाचा कप्पा रिकामा करताना तळाशी दोन पाकिटं निघाली. एकावर 'मागची ओळ' आणि दुसऱ्यावर 'हात लागलेली ओळ', दोन्हींवर माझं अक्षर, पोटभर पाण्याच्या त्या ट्रेमधलं. बी गोळा केल्याचं मला आठवतही नव्हतं. आत धुळीसारखे तपकिरी दाणे, नऊ वर्षांचे. उगवतील याची खात्री नव्हती, पण बहुतेक उगवले. दोन्हीतली आठ-आठ रोपं मी एकाच ट्रेमध्ये आलटून-पालटून लावली आणि त्यांना एकदाही हात लावला नाही. पाणी खालून, मोजणी वरच्या कॅमेऱ्याने. एका रोपाचं पान चिठ्ठीवर आडवं पडलं होतं, ते तसंच राहू दिलं. दांडे आले, एकाच आठवड्यात आले, आणि चित्रांवरून उंची काढली तर दोन्हींमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. आठ रोपांवरून काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. मला कुणाला दाखवायचंही नव्हतं. आकडे पाहून आधी हलकं वाटलं. मग थोड्या वेळाने, कसं सांगू, जरा रितंही वाटलं. नऊ वर्षं मी ज्याची रुखरुख बाळगून होते, त्याची तिथे काहीच खूण नव्हती.

शेंगा वाळल्यावर मात्र हात लावावाच लागतो. पांढऱ्या कागदावर दांडा आडवा धरला, बोटांत हळूच चोळला. कुरकुर आवाज होतो, शेंगांच्या पातळ पापड्या सुटतात आणि बी कागदावर सांडतं, वाळूसारखं सरकत घडीत जाऊन बसतं. पापड्या फुंकून टाकल्या. आता दोन्हींचं बी वेगळं ठेवायला काही कारण उरलं नव्हतं. तरी मी दोन पाकिटं घेतली, आणि दोन्हींवर जुनीच नावं घातली.